पक्षी पडल्यावर

‘कोळशाच्या खाणीतला कॅनरी’ हा इंग्रजी वाक्प्रचार आता मराठी लेखांतही भेटू लागला आहे. प्रवाळ पांढरे पडले की ते कॅनरी. बेडूक दिसेनासे झाले की तेही कॅनरी. एखाद्या लहान बँकेत लोकांच्या ठेवी अडकल्या की ती बँक कॅनरी. येऊ घातलेल्या मोठ्या संकटाची पहिली खूण, एवढा अर्थ घेऊन तो वापरतात. कोशही तेवढाच अर्थ देतात.

खाणीत त्याचा अर्थ याहून मोठा होता. कॅनरी या लहान पक्ष्याचा पिंजरा हातात घेऊन आत शिरण्याआधी एक बोली झालेली असे. विषारी हवेने पक्षी पडला की हातातले काम टाकायचे आणि मागे फिरायचे. पक्ष्याने पडायचे, माणसाने निघायचे. दोन्ही मिळून ती बोली पुरी होई.

वाक्प्रचाराने पडणे ठेवले आणि निघणे गाळले. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

*

२७ जानेवारी १८९६. वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. ५७ माणसे गेली. ऑक्सफर्डहून जॉन स्कॉट हाल्डेन हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ तिथे गेला. त्याने प्रेते पाहिली, रक्त तपासले. स्फोटाच्या दणक्याने किंवा जाळाने मेलेले थोडे होते. बहुतेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. स्फोटातून ते वाचले होते. स्फोटानंतरच्या हवेतून वाचले नाहीत.

या वायूला वास नाही, रंग नाही, चव नाही. घसा खवखवत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते आणि सहजी सोडत नाही. छाती वरखाली होत असते, हवा आतबाहेर जात असते, आणि शरीर आतून उपाशी पडत असते. आधी डोके जड होते. मग पायांतले बळ जाते. धोका कळावा इतकी शुद्ध असते तेव्हा तो जाणवत नाही. जाणवतो तेव्हा उठण्याची ताकद उरलेली नसते. मेलेल्याची कातडी गुलाबी दिसते.

खोकला आणणारी हवा निदान बोलते. न बोलता मारणाऱ्या हवेची भीती अधिक धरावी.

*

आपल्याकडे जुन्या विहिरीचा गाळ काढायला उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात. ज्योत विझली तर माणूस उतरत नाही. कोणा शास्त्रज्ञाने शिकवलेली ही रीत नव्हे. विहिरींनी घेतलेल्या बळींनी शिकवलेली आहे. ब्रिटिश खाणींतही दिवा हाच पहिला पहारेकरी होता. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने जाळीचा सुरक्षित दिवा केला, त्यानंतर तर खाणकामगार ज्योतीकडे पाहून हवा वाचू लागले. ज्योतीवर निळसर टोपी चढली तर मिथेन. ज्योत मंदावली तर प्राणवायू कमी.

कार्बन मोनॉक्साइडपुढे दिवा मुका ठरला. माणूस मरावा इतका तो हवेत साचला तरी दिवा जळत राहतो. उजेड आहे म्हणजे हवा आहे, हा हिशेब तिथे चुकला.

तेव्हा हाल्डेनने सुचवले की लहान, उष्ण रक्ताचा प्राणी सोबत न्या. लहान शरीराचा चयापचय वेगवान, म्हणून विष त्यात लवकर भिनते. माणसाला कळण्याआधी त्याला बाधते. उंदीरही चालला असता. काही ठिकाणी तो नेलाही गेला. पण कोपऱ्यात गप्प बसलेला उंदीर आजारी आहे की नुसता बसला आहे, हे अर्धवट उजेडात कळत नाही. पक्षी दांडीवर बसतो. तो आधी पिसे फुलवतो, मग डोलतो, मग पडतो. शिवाय पक्ष्याची श्वसनाची घडण अशी की श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडण्यासाठी मिळालेली ही देणगी. खाणीत तीच त्याला आधी पाडत असे.

ज्याच्या अंगी हवा घेण्याची ताकद जास्त, तो वाईट हवेत आधी पडतो. कॅनरीचे हे शास्त्र मला त्याच्या दंतकथेपेक्षा फार महत्त्वाचे वाटते.

*

पक्षी सुचवणारा माणूस स्वतः खोलीत बसून मोजलेला कार्बन मोनॉक्साइड हुंगत असे आणि डोके कधी जड होते, पाय कधी लटपटतात, याची नोंद करीत असे. आपल्या लहान मुलालाही तो खाणीत घेऊन जाई. एकदा त्याने मुलाला छताजवळ मान वर करून उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले मार्क अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. मिथेन हवेहून हलका. तो वर साचतो. भाषण फार पुढे गेले नाही. मुलगा धापा टाकत खाली कोसळला, आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत सावरला. मिथेन हलका असतो हे त्याला पुन्हा शिकवावे लागले नाही.

तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. पुढे मोठा जीवशास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

मुलाला असे उभे करणे आज कोणी मान्य करणार नाही, मीही करीत नाही. तरी त्यातली एक गोष्ट मोलाची आहे. जोखीम ठरवणारा माणूस जोखमीच्या जागी होता. तो आणि त्याचे मूल त्याच छताखाली उभे होते. पुढच्या काळात कॅनरी निवडणारे एका इमारतीत आणि कॅनरी दुसऱ्या गावात, असे झाले. तिथून बोली मोडायला सुरुवात झाली.

*

मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात एक पिंजरा आहे. तो नीट पाहण्यासारखा आहे.

आकाराने लहान, हाताने उचलता येईल असा. समोर एक गोल दार. दाराच्या आत जाळी, म्हणजे दार उघडे असताना हवा आत जाते, पक्षी बाहेर येत नाही. पिंजऱ्याच्या माथ्यावर आडवी नळकांडी आहे, आणि तीच धरून पिंजरा उचलायचा. त्या नळकांडीत प्राणवायू भरलेला असतो. पक्षी डोलू लागला की गोल दार बंद करायचे आणि झडप उघडायची. प्राणवायू आत येतो, पक्षी उठून बसतो.

विषारी हवेत अडकलेल्या माणसाचे हात कापत असतील. मागे फिरायची घाई असेल. तरी त्या घाईत दोन कामे करायची: दार लावणे, झडप फिरवणे. कोणीतरी बसून हे यंत्र आखले, कोणीतरी घडवले. ज्याने आपल्याला सांगितले त्याला आधी श्वास द्यायचा, मग आपण धावायचे. या पिंजऱ्याने तेवढे गृहीत धरले आहे.

खाणकामगार पक्ष्यांशी शिट्टी वाजवून बोलत. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या खंदकांखाली भुयारे खोदणाऱ्या सैनिकांनीही कॅनरी आणि उंदीर सोबत नेले. एडिंबरा किल्ल्यातल्या युद्धस्मारकात त्या पक्ष्यांचे आणि उंदरांचे कोरीव शिल्प आहे. आभार मानायला उशीर झाला, पण मानले.

इशारा देणाऱ्याचे आपण पुढे काय करतो, यावरून आपण इशारा ऐकला की नाही ते कळते. हा पिंजरा पाहिल्यापासून प्रत्येक ‘कॅनरी’ला मी हाच प्रश्न लावतो. त्याच्या माथ्यावर नळकांडी होती का?

*

कॅनरी पडतो तेव्हा दोष हवेत असतो. खाणीत हे कोणाला सांगावे लागत नसे. कोणी पक्ष्याला नाजूक म्हणून हिणवले नाही, त्याला कणखर होण्याचे वर्ग लावले नाहीत.

वर मात्र उलटे चालते. जो आधी आजारी पडतो त्याची प्रकृती तपासली जाते, हवा तपासली जात नाही. वर्गात एकच मूल परीक्षेच्या सकाळी उलट्या करते. त्याला डॉक्टरकडे नेतात, वेळापत्रकाला कोणी हात लावत नाही. कचेरीत एकजण राजीनामा देतो. त्याला ताण झेपत नव्हता, असे ठरते. घरात सून गप्प होते. तिचा स्वभाव तसा आहे, असे सांगतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक दगावले. तेव्हा चर्चा कशाची झाली? मजुरांनी मास्क लावले नव्हते, हातमोजे घातले नव्हते, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारले, त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. यातले बरेच खरे होते. पण पहिला प्रश्न औषधाला विचारायला हवा होता, ते विकणाऱ्याला, त्याला परवानगी देणाऱ्याला. भर उन्हात, चिकट अंगाने, रोजावर काम करणारा माणूस अंगभर झाकून फवारील, हे गृहीत धरून जे विष बाजारात येते ते त्या माणसासाठी बनलेलेच नसते. पडलेल्या पक्ष्याची चौकशी झाली. हवेची चौकशी मागे राहिली.

अमेरिकन कायदेपंडित फेलिक्स कोहेन याने १९५३ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांना खाणीतल्या कॅनरीची उपमा दिली. त्यांच्याशी राज्य कसे वागते, यावरून साऱ्या देशाच्या लोकशाहीची हवा कळते, असे त्याचे म्हणणे होते. वाक्प्रचाराचा इतका नेमका वापर मी दुसरा पाहिलेला नाही. त्याने पडणाऱ्याची कीव केली नाही. उभे असलेल्यांना सांगितले की तुम्हीही हीच हवा घेत आहात.

*

काही वेळा हा वाक्प्रचार लावणेच अन्याय असतो.

नव्वदच्या दशकात आपली गिधाडे कोसळू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरला ही घसरण प्रथम टिपली. पुढे कारण सापडले: गुरांना वेदनाशमक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिलेले जनावर मेले, ते गिधाडाने खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. तोवर मुख्य तीन जातींतली पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दख्म्यांवर, म्हणजे प्रेते ठेवण्याच्या मनोऱ्यांवर, गिधाडे येईनाशी झाली आणि एका समाजाचा अंत्यविधीच अडला.

गिधाडाला कॅनरी म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाही. कॅनरी दुसऱ्यासाठी पडतो. गिधाड स्वतःसाठी पडले, आणि त्याचे पडणे हेच नुकसान होते. गावाबाहेर कुजत पडलेली जनावरे, त्यावर पोसलेली कुत्री, हे सारे त्यानंतरचे. ज्याचा जीव जातो त्याला केवळ आपल्या संकटाची खूण म्हणायचे, यात एक आप्पलपोटेपणा आहे. आधी त्याच्या मरणाला मरण म्हणावे. खूण नंतर.

*

आता त्यांच्याविषयी, ज्यांनी पक्षी पडताना पाहिला आणि काम चालू ठेवले.

जपानमधल्या मिनामाता गावी पन्नाशीच्या दशकात मांजरे वेड्यासारखी वागू लागली. तोल जाई, गरगर फिरत, समुद्रात पडत. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. १ मे १९५६ रोजी तिथल्या चिस्सो कारखान्याच्याच रुग्णालयाने या आजाराची नोंद सरकारी आरोग्य केंद्राला दिली. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा खाडीतल्या माशांत आणि माशांतून माणसांत जात होता.

त्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा. त्यांनी कारखान्याच्या ॲसिटाल्डिहाइड विभागातले सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिले. प्रयोगातले ते चारशेवे मांजर होते. १९५९ च्या ऑक्टोबरात त्याला तीच लक्षणे दिसली. पुरावा हातात आला, आणि तो कंपनीच्याच डॉक्टरच्या हातात आला. कंपनीने प्रयोग थांबवला. निष्कर्ष दडपला. सांडपाणी सोडणे चालू राहिले.

ते थांबले १९६८ मध्ये. त्या मांजरामुळे नाही. ती उत्पादनपद्धतच जुनी झाली होती म्हणून.

डॉ. होसोकावांनी १९७० मध्ये, कर्करोगाने रुग्णालयात खिळलेले असताना, त्या चारशेव्या मांजराची साक्ष दिली. त्याच वर्षी ते वारले. १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी धरले. मधल्या वर्षांत किती बाळे आईच्या पोटातूनच थरथरत जन्माला आली, याचा विचार मनात आला की वाचन पुढे जात नाही.

भोपाळही असेच. १९८१ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव गेला. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने १९८२ पासून आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात लिहिले की हा कारखाना शहराला गिळणार आहे. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा लिहिले. १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र साऱ्यांना ठाऊक आहे.

या दोन्ही ठिकाणी इशारा कमी पडला नव्हता. पडलेल्या पक्ष्याकडे बघणारे डोळेही होते. जे नव्हते ते एवढेच: पक्षी पडला तर काय थांबवायचे, हे आधी ठरलेले नव्हते. आणि जे आधी ठरत नाही ते संकटाच्या दिवशी ठरत नाही, कारण त्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचे नुकसान आधी दिसते.

*

माघारीची किंमत असते, हे खाणकामगाराला आपल्यापेक्षा चांगले माहीत होते. अर्ध्यावर टाकलेले काम, आत अडकलेल्यांना सोडून मागे येण्याचा सल. पक्षी कधी दुसऱ्या कारणानेही आजारी पडत असेल. तरी निघायचे.

खोटा इशारा सोसायची ज्याची तयारी नाही, त्याला खरा इशारा वेळेवर मिळत नाही.

आणि वेळेवर ऐकलेल्या इशाऱ्याचा पुरावा राहत नाही. माणसे बाहेर आली, सगळी जिवंत राहिली, काहीच झाले नाही. मग कोणीतरी म्हणतो, काही होणारच नव्हते. थांबवणारा भित्रा ठरतो, थांबण्याचा खर्च त्याच्या नावावर लिहिला जातो. पूल वेळेत बंद करणारा अधिकारी, यात्रेच्या वाटेवर गर्दी अडवणारा फौजदार, शस्त्रक्रिया पुढे ढकलणारा डॉक्टर, यांचे सत्कार होत नाहीत. ते व्हायला हवेत.

*

१९८६ च्या डिसेंबरात ब्रिटनने खाणींतले कॅनरी निवृत्त करण्याचे जाहीर केले. तेव्हा दोनशेहून अधिक पक्षी कामावर होते. त्यांच्या जागी हातात मावणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली. ती अधिक अचूक, आकडा दाखवणारी, जीव न घेणारी. हा बदल चांगलाच झाला. पक्ष्याच्या मरणावर माणसाचे जगणे टेकवायची गरज संपली, याचा मला निखळ आनंद आहे.

पण यंत्राला एक बटण असते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट होऊन ११ माणसे मेली. तिथल्या मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने पुढे चौकशीत सांगितले की सर्वसाधारण गजर आपोआप वाजू नये अशी व्यवस्था करून ठेवली होती. कारण? खोट्या गजराने पहाटे तीनला लोकांची झोपमोड होऊ नये.

पक्ष्याला बंद करायचे बटण नव्हते. तो पडला की सगळ्यांच्या देखत पडे.

*

जिथे पक्षीही नाही आणि यंत्रही नाही, तिथे काय होते, हे पाहायला ब्रिटनला जावे लागत नाही.

मैल्याच्या टाकीत किंवा भुयारी गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातमीत तीन नावे येतात, अनेकदा एकाच घरातली. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. फार झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू निघून गेला, असे वाटते; तो असतो तिथेच, जीवघेण्या प्रमाणात.

इथे कॅनरीची जागा माणसाला दिली आहे, आणि कोणाला द्यायची हे जातीने ठरवले आहे. हे लिहिताना हात जड होतो, पण वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. न्यायालयाने आपले काम केले. पण भरपाई पडल्यानंतरची असते. वायू मोजायचे उपकरण दोरीला बांधून आधी खाली सोडणे, ही उतरण्याआधीची गोष्ट आहे, आणि तिचा खर्च त्या भरपाईच्या पासंगालाही पुरत नाही. विहिरीत कंदील सोडणारे आपले आजोबा जे करीत होते तेवढेही आपली नगरे त्या माणसांसाठी करीत नाहीत.

‘कोळशाच्या खाणीतला कॅनरी’ म्हणताना मला हे मॅनहोल आठवते. खाणीच्या मालकालाही पक्षी विकत घ्यावा लागे. इथे माणूस रोजावर मिळतो.

*

म्हणून एक विनंती. हा वाक्प्रचार वापरावा, जरूर वापरावा. तो चांगला आहे, कष्टकऱ्यांच्या जगातून आलेला आहे, त्यात खरी माणसे आणि खरे पक्षी मेले आहेत. पण तो लिहिताना पुढचे वाक्यही लिहावे. प्रवाळ कॅनरी असतील तर कोणी काय थांबवायचे? बँक कॅनरी असेल तर ठेवीदारांनी, तपासनिसांनी, संचालकांनी कोणत्या दिवशी काय करायचे? पुढचे वाक्य सुचत नसेल तर तिथे कॅनरी हा शब्द घालू नये. ‘वाईट बातमी’ म्हणावे. ते खरे तरी असेल.

आणि एक सांगणे आहे, ते वाक्प्रचाराबद्दल नाही.

टायलर्सटाउनला ज्या वायूने माणसे मारली तो खाणीत राहिलेला नाही. दर हिवाळ्यात मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी येते: बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असताना मुलगी, नवरा-बायको, नवपरिणीत जोडपे बेशुद्ध सापडले. किंवा थंडीत शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपलेले मजूर सकाळी उठले नाहीत. बातमीत ‘गॅस गळती’ असे लिहिलेले असते. बहुतेकदा गळती नसतेच. गॅस किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वास येत नाही. आत गेलेल्याला थकवा वाटतो, तो खाली बसतो, आणि दाराची कडी आतून असते.

तुमच्या घरी गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या आत आहे का, ते आज पाहा. आत असेल तर बाहेर मोकळ्या हवेत, गॅलरीत हलवून घ्या; फक्त पाणी आत येऊ द्या. ते होईपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा. बाथरूमची झडपेची खिडकी कागद लावून बुजवलेली असेल तर तो कागद काढा. पेटती शेगडी उशाशी घेऊन कोणाला झोपू देऊ नका. इमारतीच्या पहारेकऱ्याला, बांधकामावरच्या कुटुंबालाही हे सांगा, आणि सांगताना एक पांघरूण द्या. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे छोटे उपकरण बाजारात मिळते. ते आणा, आणि वाजले की घरातल्या सगळ्यांनी, हातातले टाकून, आधी बाहेर यायचे, हे आजच जेवताना ठरवून ठेवा.